विश्लेषण : ‘कोलंबिया’ दुर्घटना टाळता आली असती का? ‘आधी धोका सिद्ध करा’ हा हट्ट किती महाग पडतो?

जानेवारीचा शेवटचा आठवडा अमेरिकेच्या अवकाश इतिहासात अशुभ ठरला आहे. २७ जानेवारी १९६७ रोजी ‘अपोलो १’ यानाला जमिनीवरच्या चाचणीत आग लागून तीन अंतराळवीर गेले. २८ जानेवारी १९८६ रोजी ‘चॅलेंजर’ उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झाले. १ फेब्रुवारी २००३ रोजी परतीच्या वाटेवर ‘कोलंबिया’चे तुकडे झाले आणि हरियाणातील कर्नालची कल्पना चावला सहा सहकाऱ्यांसह कायमची हरपली. दरवर्षी या दिवसांत श्रद्धांजली वाहिली जाते आणि तोच प्रश्न पुन्हा निघतो. हे टाळता आले असते का? चौकशी अहवाल वाचले तर उत्तर बऱ्याच अंशी ‘होय’ असे येते. ते का, हे समजण्यासाठी रॉकेटशास्त्र येण्याची गरज नाही. गुहागर तालुक्यातील हेदवीची बामणघळ, चिपळूणजवळचे तिवरे धरण आणि बंदरावरचा धोक्याचा बावटा एवढे माहीत असले तरी पुरे.

‘कोलंबिया’चे नेमके काय झाले?

१६ जानेवारी २००३ रोजी ‘कोलंबिया’ने केनेडी अवकाश केंद्रातून उड्डाण केले. यानात सात जण होते : कमांडर रिक हजबंड, वैमानिक विल्यम मॅकूल, मायकेल अँडरसन, डेव्हिड ब्राऊन, लॉरेल क्लार्क, इस्रायलचे इलान रामोन आणि कल्पना चावला. कल्पनाची ही दुसरी अवकाशवारी होती. पहिली १९९७ मध्ये झाली होती, तीही याच यानातून.

उड्डाणानंतर साधारण ८२ सेकंदांनी बाहेरच्या इंधनटाकीवरील फोमचा एक तुकडा सुटला आणि यानाच्या डाव्या पंखाच्या पुढच्या कडेवर आदळला. यान मात्र ठरल्याप्रमाणे कक्षेत पोहोचले. पुढचे सोळा दिवस प्रयोग सुरळीत पार पडले. बाहेरून पाहणाऱ्याला काहीच बिघडलेले दिसत नव्हते. १ फेब्रुवारीला परतताना वातावरणाच्या घर्षणाने तापलेले वायू पंखातील त्या भगदाडातून आत शिरले. डाव्या पंखातील तापमान मोजणारी यंत्रे एकामागून एक बंद पडत गेली. उतरायला जेमतेम सोळा मिनिटे उरली असताना टेक्सासच्या आकाशात यान फुटले. भारतात तेव्हा शनिवारची संध्याकाळ होती. साडेसातच्या सुमारास यानाशी संपर्क तुटला आणि कर्नालपासून कोकणापर्यंत लोक दूरचित्रवाणीसमोर सुन्न होऊन बसले.

हलका फोम पंख कसा फोडू शकतो?

अनेकांना, अगदी नासातील काही जणांनाही, हेच पटत नव्हते. तुकड्याचे वजन पाऊण किलोच्या आसपास होते. हाताने दाबला तर चेपेल असा हा फोम. पण येथे वजनाइतकाच वेग महत्त्वाचा. टाकीपासून सुटलेला हलका तुकडा हवेच्या माऱ्याने क्षणात मंदावला. यान मात्र ताशी अडीच हजार किलोमीटरच्या आसपास वेगाने वर जात होते. म्हणजे तुकडा पंखावर आदळला म्हणण्यापेक्षा पंख तुकड्यावर जाऊन आदळला. दोघांच्या वेगातील फरक ताशी सुमारे ८०० किलोमीटर होता.

पंखाची पुढची कड कार्बनच्या खास पट्ट्यांनी बनवलेली असते. यान परतताना ती साधारण १,६०० अंश सेल्सियस तापमान झेलते. तिच्यामागे असतो ॲल्युमिनियमचा सांगाडा, जो याच्या निम्म्याहूनही कमी तापमानाला वितळतो. त्यामुळे त्या कडेला पडलेले छिद्र म्हणजे भट्टीचे दार उघडे राहण्यासारखे. जुलै २००३ मध्ये चौकशी मंडळाने तशाच पट्टीवर तितक्याच वेगाने फोमचा तुकडा झाडून पाहिला. पट्टीला सुमारे ४० सेंटिमीटरचे भगदाड पडले. त्यानंतर शंकेला जागा उरली नाही.

धोका कुणालाच दिसला नव्हता का?

दिसला होता. उड्डाणाच्या दुसऱ्याच दिवशी चित्रफीत पाहताना अभियंत्यांना तुकडा आदळलेला दिसला. एवढा मोठा तुकडा त्यांनी यापूर्वी कधी पाहिला नव्हता. पंखाला किती इजा झाली हे कळायला एकच सरळ मार्ग होता. लष्कराकडील शक्तिशाली दुर्बिणींनी किंवा उपग्रहांनी कक्षेतील यानाची छायाचित्रे घेणे. तशी मागणी एकदा नव्हे, तीन वेगवेगळ्या वाटांनी पुढे गेली. छायाचित्रे काही घेतली गेली नाहीत.

अभियंता रॉडनी रोशा यांनी या निर्णयाविरुद्ध खरमरीत शब्दांत ई-मेल लिहिला, पण तो वरपर्यंत पाठवला नाही. आपल्या पायरीच्या फार वर थेट लिहायचे नसते, हा तिथला अलिखित संकेत आड आला. नुकसानीचा अंदाज बांधण्यासाठी जे संगणकीय साधन वापरले गेले, ते अगदी छोट्या तुकड्यांच्या चाचण्यांवर बेतलेले होते. हा तुकडा त्यांच्या शेकडो पट मोठा होता. तरीही बैठकीत निष्कर्ष निघाला, की सुरक्षेचा प्रश्न नाही. २३ जानेवारीला खुद्द अंतराळवीरांना ई-मेल गेला. त्याचा आशय असा, की फोम आदळला आहे, काळजीचे कारण नाही, पत्रकारांनी विचारले तर माहीत असावे म्हणून कळवत आहोत.

असे का झाले? ॲडमिरल हॅरॉल्ड गेहमन यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी मंडळाने ऑगस्ट २००३ मध्ये दिलेल्या अहवालात यावर नेमके बोट ठेवले. फोम हे प्रत्यक्ष कारण होतेच, पण नासाची कार्यसंस्कृतीही तेवढीच जबाबदार होती, असे मंडळाने स्पष्ट म्हटले. यान सुरक्षित आहे हे दाखवण्याची जबाबदारी व्यवस्थापनाची असायला हवी होती. प्रत्यक्षात ते असुरक्षित आहे हे दाखवण्याची जबाबदारी अभियंत्यांवर टाकली गेली. छायाचित्रे हवीत, तर आधी गरज सिद्ध करा, असे त्यांना सांगण्यात आले. आणि गरज सिद्ध करण्यासाठी छायाचित्रेच लागत होती.

‘चॅलेंजर’च्या वेळी काय घडले होते?

सतरा वर्षांपूर्वीही अगदी हेच झाले होते. ‘चॅलेंजर’च्या उड्डाणाच्या आदल्या रात्री फ्लोरिडात कडाक्याची थंडी पडली होती. बूस्टर रॉकेटच्या दोन भागांमधील सांधा बंद ठेवणाऱ्या रबरी कड्या, म्हणजे ‘ओ-रिंग’, थंडीत कडक होतात आणि फट वेळेत बुजवत नाहीत, याची कुणकुण अभियंत्यांना आधीपासून होती. बूस्टर बनवणाऱ्या मॉर्टन थायोकॉल कंपनीतील रॉजर बॉइसजोली यांनी जुलै १९८५ मध्येच लेखी इशारा दिला होता, की हा प्रश्न सोडवला नाही तर माणसांचे प्राण जातील.

२७ जानेवारी १९८६ च्या रात्री दूरध्वनीवरून बैठक झाली. १२ अंश सेल्सियसपेक्षा कमी तापमानात उड्डाण नको, अशी शिफारस कंपनीच्या अभियंत्यांनी केली. नासाच्या अधिकाऱ्यांना ती रुचली नाही. उड्डाण मग एप्रिलपर्यंत थांबवायचे का, अशा सुरात विचारणा झाली. कंपनीने चर्चेसाठी थोडा वेळ मागून घेतला. त्या वेळात अभियांत्रिकी विभागाच्या प्रमुखाला सांगण्यात आले, की आता अभियंत्याची टोपी काढून व्यवस्थापकाची टोपी घाल. शिफारस फिरवली गेली. कंपनीचे तळावरील प्रतिनिधी ॲलन मॅकडोनाल्ड यांनी मंजुरीच्या कागदावर सही करण्यास नकार दिला, तेव्हा ती दुसरीकडून मिळवण्यात आली. सकाळी सुमारे २ अंश तापमानात यान उडाले. शाळेच्या वर्गात थेट प्रक्षेपण पाहणाऱ्या असंख्य मुलांसमोर शिक्षिका क्रिस्टा मॅकऑलिफ यांच्यासह सात जण गेले.

पुढे चौकशी आयोगाचे सदस्य आणि नोबेल विजेते भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी बर्फाच्या पाण्याच्या पेल्यात ओ-रिंगचा तुकडा बुडवून दाखवला. थंडीने त्याची लवचिकता गेली होती. हा प्रयोग चहाच्या टेबलावर करता येण्याजोगा होता. न उडालेल्या यानासाठी तो कुणी केला असता, तर सात जण वाचले असते.

एकदा ठेच लागूनही तीच चूक कशी झाली?

समाजशास्त्रज्ञ डायान व्हॉन यांनी ‘चॅलेंजर’चा अनेक वर्षे अभ्यास करून याचे उत्तर दिले. नियमाबाहेरची गोष्ट वारंवार घडली आणि तिचे वाईट परिणाम झाले नाहीत, की ती हळूहळू नेहमीची वाटू लागते. कुणी मुद्दाम नियम मोडत नाही. नियमच थोडा थोडा सरकत जातो.

ही कल्पना समजायला हेदवी हे उत्तम ठिकाण आहे. दशभुजा गणेशाच्या दर्शनाला येणारे बहुतेक पर्यटक पुढे समुद्रकाठच्या उमामहेश्वर मंदिराकडे आणि तिथून बामणघळीकडे वळतात. काळ्या कातळाला पडलेली ही अरुंद भेग आहे. भरतीच्या वेळी लाट तिच्यात घुसते, पुढे जायला वाट नसते, म्हणून पाणी मोठा आवाज करत उंच उसळते. आता समजा, कुणी काठापासून दहा पावलांवर उभा आहे. पाच लाटा आल्या, पायही भिजले नाहीत. तो दोन पावले पुढे सरकतो. आणखी पाच लाटा येतात, तुषार तेवढे अंगावर उडतात. तो पुन्हा पुढे सरकतो. आतापर्यंत काही झाले नाही, हाच त्याचा पुरावा. पण सगळ्या लाटा सारख्या नसतात. एखादी मोठी लाट मागच्या लाटांना विचारून येत नाही. मागच्या दहा लाटांनी एवढेच सांगितले, की त्या दहा लहान होत्या. जागा सुरक्षित आहे, असे त्यांनी कधीच सांगितले नव्हते.

नासात नेमके हेच झाले. मूळ नियमानुसार टाकीवरून फोम सुटणेच मान्य नव्हते. पण तो जवळजवळ प्रत्येक उड्डाणात सुटत राहिला आणि यान परत येत राहिले. मग त्याची गणना धोक्यात न होता देखभालीच्या कामात होऊ लागली. ऑक्टोबर २००२ मध्ये, म्हणजे ‘कोलंबिया’च्या आधी अवघे तीन महिने, टाकीच्या त्याच भागातून सुटलेला फोमचा तुकडा ‘अटलांटिस’च्या बूस्टरला धडकला होता. तरीही उड्डाणे थांबली नाहीत. ओ-रिंगचेही तसेच. आधीच्या उड्डाणांत कड्या जळालेल्या आढळल्या, पण यान सुखरूप परतले म्हणून ‘एवढे चालते’ असे ठरत गेले.

फाइनमन यांनी अहवालाच्या परिशिष्टात एक फरक नोंदवला आहे. यान नष्ट होण्याची शक्यता व्यवस्थापक लाखात एक सांगत होते, तर काम करणारे अभियंते शंभरात एकच्या आसपास. शटलची एकूण १३५ उड्डाणे झाली आणि दोन याने गेली. साधारण ६७ उड्डाणांमागे एक. अभियंत्यांचा अंदाजही थोडा आशावादीच ठरला.

आधी कळले असते, तरी वाचवता आले असते का?

‘टाळता आले असते का’ या प्रश्नाचा हा सर्वांत कठीण भाग. काही जण तेव्हा म्हणत होते, की यानाला इजा झालेली कळली असती तरी करण्यासारखे काहीच नव्हते. चौकशी मंडळाने नासाकडूनच याचा अभ्यास करून घेतला. त्यातून दोन पर्याय पुढे आले. पहिला, अंतराळवीरांनी बाहेर जाऊन यानातील उपलब्ध वस्तूंनी भगदाड तात्पुरते बुजवणे. तो बेभरवशाचा होता. दुसरा, दुसरे यान पाठवून सातही जणांना उतरवून घेणे.

दुसऱ्या पर्यायात जीव होता. ‘अटलांटिस’ची १ मार्चच्या उड्डाणासाठी तयारी सुरू होती. तिन्ही पाळ्यांत काम केले असते, तर ते १० फेब्रुवारीच्या सुमारास उडू शकले असते. ‘कोलंबिया’वर हवा शुद्ध ठेवण्याची सामग्री काटकसरीने वापरली असती, तर १५ फेब्रुवारीपर्यंत पुरली असती. म्हणजे हाताशी काही दिवसच होते, धोका मोठा होता आणि ‘अटलांटिस’च्या टाकीवरही तोच फोम होता. सुटका झालीच असती असे कुणी म्हणू शकत नाही. पण प्रयत्नाची वाट होती. ती पाहिली गेली नाही, कारण ‘काही करता येणार नाही’ असे तपासणी करण्याआधीच ठरून गेले होते. अंतराळवीरांच्या वतीने ही शक्यता सोडून देण्याचा अधिकार बैठकीतील कुणालाही नव्हता.

रत्नागिरी जिल्ह्याशी याचा काय संबंध?

हेदवी ज्या गुहागर तालुक्यात आहे, त्याच्या शेजारी चिपळूण तालुका. तिथले तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटले. मातीचे धरण, वर मुसळधार पाऊस. पाण्याच्या लोंढ्यात भेंदवाडीतील घरे वाहून गेली आणि वीसहून अधिक माणसे दगावली. धरणाला गळती आहे, अशा तक्रारी आपण आधीपासून करत होतो, असे ग्रामस्थांनी तेव्हा सांगितले. डागडुजी केली होती, असे सरकारी बाजूचे म्हणणे होते. तत्कालीन जलसंधारणमंत्री तानाजी सावंत यांनी खापर खेकड्यांवर फोडले आणि राज्यभर टीका ओढवून घेतली.

येथे थोडे शास्त्र पाहायला हवे. मातीच्या धरणातून थोडे पाणी पाझरणे नवे नाही. पण पाझर वाढू लागला किंवा गढूळ येऊ लागला, तर त्याचा अर्थ वेगळा. पाणी आपल्याबरोबर भिंतीतील मातीचे कण घेऊन बाहेर पडत असते. आत नळीसारखी पोकळी तयार होते, ती रुंदावत जाते आणि एका पावसात भिंत बसते. गळती वर्षभर दिसली आणि धरण उभे राहिले, याचा अर्थ धरण भक्कम आहे असा होत नाही. पोकळी वर्षभर वाढत राहिली, असाही होऊ शकतो. खेकड्यांनी बिळे केली असे क्षणभर मानले, तरी प्रश्न तोच राहतो. बीळ दिसल्यावर पाणी खाली का उतरवले नाही आणि खालची वाडी का हलवली नाही?

त्याआधी तीन वर्षांपूर्वी, २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला. एसटीच्या दोन गाड्या त्यात गेल्या. त्यातली एक जयगड-मुंबई. हेदवीहून तवसाळला गेले, की खाडीपलीकडे दिसते तेच हे जयगड. पुलाची मे महिन्यातच पाहणी झाली होती आणि तो वाहतुकीला योग्य ठरवण्यात आला होता, असे सरकारतर्फे सांगण्यात आले. इतकी वर्षे उभा आहे म्हणजे पुढेही उभा राहील, हा विचार पुलालाही मारक ठरतो आणि यानालाही.

एकाच महिन्यात दोन गळत्या, दोन निकाल?

तिवरे फुटल्यानंतर तेरा दिवसांनी, १५ जुलै २०१९ च्या पहाटे, श्रीहरिकोटा येथे ‘चंद्रयान-२’ उड्डाणासाठी सज्ज होते. तत्कालीन राष्ट्रपती रामनाथ कोविंद प्रत्यक्ष उपस्थित होते. देश जागा होता. उड्डाणाला ५६ मिनिटे बाकी असताना उलटी मोजणी थांबवण्यात आली. इस्रोने तांत्रिक बिघाडाचे कारण दिले. क्रायोजेनिक टप्प्यात हेलियमची गळती झाल्याच्या बातम्या नंतर आल्या. राष्ट्रपती परत गेले, थोडी चेष्टाही झाली. दोष दूर करून २२ जुलैला यान उडाले आणि कक्षेत पोहोचले. पुढे चंद्रावर उतरताना ‘विक्रम’ कोसळले, पण त्याचे कारण वेगळे होते.

२०२५ च्या जूनमध्ये शुभांशु शुक्ला यांना घेऊन जाणारे ‘ॲक्सिअम-४’चे उड्डाणही रॉकेटमधील द्रवरूप ऑक्सिजनच्या गळतीमुळे पुढे ढकलले गेले होते. गळती दूर झाल्यावर, इतर तपासण्याही आटोपून, ते २५ जूनला निघाले. या उड्डाणांत कुणी असे म्हटले नाही, की आधी या गळतीने रॉकेट फुटेल हे सिद्ध करा, मग थांबू. गळती आहे, एवढेच थांबायला पुरेसे होते. हाच न्याय भेंदवाडीच्या वर असलेल्या भिंतीला मिळाला नाही. फरक तंत्रज्ञानाचा नाही. मातीच्या धरणाची गळती तपासणे रॉकेटपेक्षा कितीतरी सोपे आहे. फरक इतकाच, की रॉकेटकडे देश पाहत होता आणि तिवऱ्याकडे फक्त तिवरे.

‘नंतर सगळेच शहाणे होतात’ हा आक्षेप खरा आहे का?

हा आक्षेप झटकून टाकता येणार नाही. मोठ्या यंत्रणेत रोज शेकडो शंका निघतात. प्रत्येक शंकेवर काम थांबवले तर एकही यान उडणार नाही आणि एकही धरण भरणार नाही. ‘कोलंबिया’च्या बैठकीत बसलेली माणसे बेफिकीर किंवा दुष्ट नव्हती. आपल्यासमोरच्या माहितीवर त्यांचा प्रामाणिक विश्वास होता. दुर्घटनेनंतर एकाला दोषी ठरवून मोकळे होणे सोपे असते आणि त्याने पुढची दुर्घटना टळत नाही.

पण मागणी प्रत्येक शंकेवर थांबण्याची नाही. जिथे चूक झाली तर माणसे मरणार आणि तपासणीचा खर्च त्या मानाने नगण्य, तिथे तपासणी नाकारू नये, एवढीच आहे. ‘कोलंबिया’ची छायाचित्रे मागवणे म्हणजे मोहीम रद्द करणे नव्हते. एक दूरध्वनी पुरेसा होता. ‘चॅलेंजर’चे उड्डाण एखादा दिवस लांबवले असते, तर दुपारच्या उन्हात तापमान चढले असते. तिवऱ्यात पावसाळ्यापुरता साठा कमी ठेवता आला असता. हे सगळे त्याच वेळी हाताशी असलेले पर्याय होते. त्यासाठी नंतरच्या शहाणपणाची गरज नव्हती.

मग करायचे काय?

कोकणच्या किनाऱ्यावर या प्रश्नाचे एक जुने उत्तर आहे. पावसाळ्यात, साधारण १ जून ते ३१ जुलै, यांत्रिकी नौकांना मासेमारीसाठी समुद्रात जायला बंदी असते. माशांच्या प्रजननासाठी ती आहे आणि खवळलेल्या समुद्रापासून खलाशांचा जीवही त्यामुळे वाचतो. त्याआधी पिढ्यान्‌पिढ्या नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या वर ओढून ठेवण्याची रीत होतीच. एरवीही बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला, की तांडेल होडी काठाला घेतो. आज माझी होडी बुडेलच हे दाखवा, असे तो म्हणत नाही. एखाद्या बंद दिवशी समुद्र शांत निघतो आणि कमाई बुडते. ते नुकसान खरे असते, घराला सोसावे लागते. तरीही रीत टिकली, कारण न गेलेला दिवस भरून काढता येतो, न आलेला माणूस येत नाही.

नासानेही ठेच लागल्यावर हाच मार्ग धरला. २००५ मध्ये उड्डाणे पुन्हा सुरू झाली, तेव्हा कक्षेत पोहोचताच उष्णतारोधक कवचाची तपासणी होऊ लागली आणि गरज पडल्यास सुटकेसाठी दुसऱ्या यानाचा आराखडा तयार ठेवला जाऊ लागला. जे २००३ मध्ये अशक्य म्हटले गेले, ते दोन वर्षांनी नित्याचे काम झाले. सात जीव गेल्यानंतर.

भारत ‘गगनयान’ची तयारी करत आहे. २१ ऑक्टोबर २०२३ च्या चाचणी उड्डाणात अगदी शेवटच्या पाच सेकंदांवर संगणकाने प्रक्षेपण रोखले होते. कारण शोधून त्याच दिवशी चाचणी यशस्वी झाली. थांबण्याची ही सवय माणसे घेऊन जाणाऱ्या उड्डाणाच्या दिवशी, निवडणूक, वर्धापनदिन किंवा पाहुणे कुणीही समोर असले तरी, टिकायला हवी.

जमिनीवरची जबाबदारी याहून जवळची आहे. धरण सुरक्षा कायदा २०२१ मध्ये आला, पण तो ठरावीक उंचीवरील धरणांना लागू होतो. गावागावांतले छोटे बंधारे, तलाव, साकव आणि जुने पूल त्याच्या बाहेरच राहतात. त्यांच्यासाठी नवा कायदा येईपर्यंत थांबायची गरज नाही. पावसाळ्यापूर्वीच्या पाहणीचा अहवाल ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा. त्यावर पाहणी करणाऱ्याचे नाव, तारीख आणि ‘सुरक्षित आहे’ असे स्पष्ट लिहून सही असावी. गावाने गळतीची तक्रार केली, तर धोका सिद्ध करण्याचे काम गावाचे नसावे. गळती निरुपद्रवी आहे हे लेखी देण्याचे काम खात्याचे असावे. ते देता येत नसेल, तर पाणी खाली उतरवावे आणि खालच्या वाडीला रात्र होण्याआधी हलवावे.

‘कोलंबिया’च्या सात जणांनी आपला जीव ज्या यंत्रणेवर सोपवला होता, तिच्याकडे प्रश्न विचारणारी माणसे होती. प्रश्न विचारणाऱ्याकडे पुरावा मागण्यात आला आणि उत्तर देणाऱ्याकडे मागण्यात आला नाही. यंदाच्या पावसाआधी जिल्ह्यातल्या एखाद्या वाडीतून कुणीतरी धरणाच्या भिंतीतून पाणी येते म्हणून अर्ज देईल. त्या अर्जावर कोणता शेरा पडतो, यावरून कल्पना चावलाच्या मृत्यूतून आपण काय शिकलो ते कळेल.